अभ्रकाची फाडलेली पानं

कसालच्या नाक्यावर, हायवेला लागूनच माझं दुकान आहे. मोबाईल दुरुस्ती, चार्जर, कव्हरं, रिचार्ज, आणि पावसाळ्यात लोकांच्या बिघडलेल्या इस्त्र्या. इस्त्र्यांचं नाव पाटीवर नाही, तरी लोक आणतातच. मी कुरकुरतो आणि ठेवून घेतो.

बाजाराच्या दिवशी माझी धाकटी बहीण एसटीने येते. हंगाम असेल तसे ओले काजूगर नाहीतर कोकमाची सोलं घेऊन ती बाजारात बसते, माल दुपारपर्यंत संपवते आणि मग माझ्या दुकानात येऊन स्टुलावर टेकते. तिथे बसल्या बसल्या ती मोबाईलवर काचा डकवते, म्हणजे स्क्रीनगार्ड. हे काम मीही करतो. पण माझ्या हातून कोपऱ्यात एखादा बुडबुडा राहतोच. गिऱ्हाईक तो बुडबुडा बोटाने दाबून इकडचा तिकडे करत बसतं आणि माझ्याकडे असं बघतं, जसा काही मीच तो आत फुंकलाय.

बहीण काच दोन्ही कडांनी धरते, एकदा फुंकर मारते आणि सोडून देते. काच आपली आपण बसते. कॉलेजची पोरं आता मला सरळ विचारतात, "काका, मावशी कधी येणार?" तीस वर्षं दुकान चालवतोय मी, माझी ही किंमत! मी म्हणतो, बुधवारी या. पोरं खरंच बुधवारी येतात.

तिची बोटं अशी का, हे तिला ठाऊक आहे आणि मला. तिची शाळा कोणामुळे सुटली, हे मात्र फक्त मलाच ठाऊक आहे, असं मी पंचेचाळीस वर्षं धरून चाललो होतो. तिला ते कळू नये म्हणून मी फार जपलं. गेल्या श्रावणात ते झाकण उडालं, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव कुडाळच्या वरच्या अंगाला, डोंगराखाली. डोंगरात अभ्रकाची खाण होती. पुरुष माणसं खाली उतरून दगड काढायची, बायका वर बसून त्याचे थर सोडवायच्या. बाप आम्ही लहान असतानाच गेला. आई भातशेतीत मोलाने जायची आणि उरलेल्या वेळात अभ्रकाची टोपली घरी आणायची. आम्ही दोघं भावंडं शाळेतून आलो की पडवीत तिच्या दोन बाजूंना बसायचो.

अभ्रक हातात आला की वहीसारखा वाटतो. त्याची पानं सुटतात. एक जाड चीप घ्यायची, तिच्या कोपऱ्यात सुरीचं पातं शिरवायचं आणि अलगद वर उचलायचं. पान सरळ सुटलं तर ते भाव खातं, चिरलं तर चुऱ्यात जातं. आई सुरी आम्हाला देत नसे. आम्ही अंगठ्याच्या नखाने कोपरा उकलायचो. त्यामुळे लहान पोराने सोडवलेल्या पानाच्या कोपऱ्यावर नखाची बारीक कोर राहते. मोठ्या माणसाच्या पानावर ती नसते, तिथे सुरीची सरळ रेघ असते. हे खाणीच्या मुकादमालाही कळत नव्हतं. आम्हा दोघांना कळायचं, कारण संध्याकाळी पानं लावताना कुठलं कोणाचं यावरून आमची भांडणं व्हायची. नखांत चमकी भरलेली असायची, जेवताना भातातही यायची. बहीण रात्रीच्या पेजेत बोट बुडवून म्हणायची, "दादा, माझी पेज बघ कशी लखलखता!"

हाताने ती माझ्यापेक्षा चांगली होती. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, तिसरीत, पण एका चिपेतून ती माझ्या दुप्पट पानं काढायची. अभ्यासातही माझ्यापुढेच होती, हे आता कबूल करायला माझं काही जात नाही. वाचताना ती कधी अडायची नाही. मास्तर आईला रस्त्यात गाठून सांगायचे, "चेडू हुशार आसा हां तुमचा." माझ्याबद्दल असं काही त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी सहावीत होतो त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मुकादम घरी आला. तो घाटावरचा होता, बोलायला सडेतोड. आईला म्हणाला, "बाई, पोरं अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस कामाला, असं चालायचं नाही. माल अडतो माझा. ज्याचा हात चांगला त्याला पूर्णवेळ बसव, दुसऱ्याला खुशाल शाळेत धाड." आम्ही दोघं पडवीत बसलो होतो, सगळं ऐकत होतो. आईने शेवटी एवढंच म्हटलं, "पंधरा दिसांनी सांगतंय."

त्या पंधरा दिवसांत मी माझी पानं फाडली.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. नखाने कोपरा उकलला की मी अंगठा जरा आतल्या बाजूला वळवायचो. पान अर्ध्यावर येऊन तिरकं जायचं आणि टर्रकन फाटायचं. दिवसाला आठ-दहा तरी. आई म्हणायची, "मेल्या, हातात काय भरलाहा तुझ्या?" मी तोंड पाडून बसायचो. अकरा वर्षांचा होतो, पण नाटक असं वठवलं की दशावतारात मला सहज पार्ट मिळाला असता.

पंधराव्या दिवशी आईने मुकादमाला सांगितलं, "झील शाळेत जांवदे. तेच्यान ह्यां होवचां नाय." बहिणीचं दप्तर म्हणजे एक कापडी पिशवी होती. ती आईने धुतली आणि माझ्या पाठीवर दिली, कारण माझी फाटली होती.

सुरुवातीचे काही दिवस मी संध्याकाळी अभ्यासाला बसलो की बहीण शेजारी येऊन बसायची. माझ्या पुस्तकात डोकं घालायची, विचारायची, "ह्यां काय लिवलां हा?" मी हात झटकायचो. "जा गो, माका अभ्यास करूक दी." खरं तर ती शेजारी बसली की मला पुस्तकातलं काही दिसत नसे. तिच्याकडे बघायची लाज वाटायची आणि त्या लाजेपायी मी तिच्यावर खेकसायचो. महिन्याभराने ती यायची थांबली. मला सुटल्यासारखं वाटलं.

दहावी झालो, आयटीआय केलं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग मोबाईल. मधल्या काळात खाण बंद पडली. लोकांना वाटेल, बरं झालं, पोरगी सुटली. कसली सुटते! तिला कोणी शाळेत परत घातलं नाही. ती काजूच्या कारखान्यात गेली, तिथे चिकाने हात काळे करून घेतले आणि तिथूनच लग्न होऊन सासरी गेली.

दहा वर्षांपूर्वी मी तिला मोबाईल दिला. तिला वाचता येत नाही असं धरून मी प्रत्येक नंबराला चित्र लावून दिलं. माझ्या नावाला इस्त्री, तिच्या मुलीला आंबा, डॉक्टरांना नारळाचं झाड, कारण त्यांच्या दारात आहे. फार मोठं काम केल्यासारखी माझी छाती फुगली होती. तीही "बरां झालां" म्हणाली. एसटीच्या पाट्या ती कोणाला विचारत नाही. रोजचा रस्ता आहे, गाडीच्या रंगावरून ओळखत असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं कधीच नाही.

आता श्रावणातली गोष्ट. ज्या बुधवारी झाकण उडालं त्याच्या आदल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला होता. आफ्रिकेतली पोरं चिखलात गुडघाभर उभी राहून दगड धूत होती. बॅटरीत जो धातू लागतो त्याचे दगड. त्यालाच जोडून पुढे झारखंडाकडची पोरं होती, बिळासारख्या भोकात शिरून अभ्रक वेचणारी. गिऱ्हाईक म्हणालं, "काय वाईट दिवस काढतात बघा!" आणि नवीन बॅटरी घालून घेऊन निघून गेलं. मी तरी काय वेगळं केलं? मीच घालून दिली.

पण डोक्यातून ते जाईना. मी ज्या सोल्डरिंगच्या तापत्या काडीने मोबाईलच्या तारा जोडतो, तिच्या पोटात अभ्रकाची गुंडाळी असते. जुन्या जड इस्त्र्यांची तार मी अजून स्वतः अभ्रकाच्या पानावर गुंडाळतो. ती पानं मी कोल्हापूरच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून पाकिटाने मागवतो. वीस वर्षं मागवतोय. कुठून येतात, कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी फोन करून विचारलं. व्यापारी हसला. म्हणाला, "काका, तुम्हाला अभ्रक पाहिजे का त्याची जन्मपत्रिका?" मी पण हसलो. दुसरं काय करणार? पाकीट मागवलं.

बुधवारी बहीण आली तेव्हा मी ते पाकीट फोडून शिव्याच देत होतो. निम्मी पानं कोपऱ्यातून फाटलेली, तशीच पाकिटात भरून खपवलेली. "शिरा पडो त्येच्या तोंडार," मी म्हणालो, "ह्यां बघ काय दिल्यान माका!" मग तिला तो व्हिडिओ दाखवला. तिने हळहळ केली नाही. बोटाने व्हिडिओ थांबवला, एका मुलीच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "चेडू बरोबर धरता."

मला राग आला. "एवढ्यांच दिसलां तुका? मी ठरवलंय, हो माल घेवचो नाय."

"मगे इस्त्रेक काय घालतलंस? करवंटी?"

"घालीन कायपण. पोरांच्या हातचां नको."

ती स्टुलावर सरळ झाली. ती चिडते तेव्हा आवाज चढवत नाही, उलट सावकाश बोलते. "दादा, समज, तेव्हा कोण शेरातलो मोठो माणूस इलो असतो आनि म्हटल्यान असतां, हय पोरां काम करतत, ह्यो माल आमका नको. तर आमी खाल्लां काय असतां? खाण बंद झाली तेव्हा माका कोणी शाळेत घातल्यान? काजीच्या कारखान्यात घातल्यान."

"म्हणजे गप घेत रवाचां?"

"तसां मी म्हटलंय? घेणाऱ्यान इचारूक व्हयां. पोर कोणाचां, शाळेत जाता काय, आवशीक पुरो पैसो मेळता काय. नुसते हात झाडून तू सुटतलंस रे. त्या पोराचां काय?"

मी पानं परत पाकिटात कोंबायला लागलो. विचारायला गेलो की जन्मपत्रिका ऐकावी लागते, हे तिला कसं सांगणार? एकट्या दुकानदाराने विचारून काही हलत नाही. पण वीस वर्षं मी विचारलंच नव्हतं, हेही तेवढंच खरं. आणि ज्याने विचारायला हवं होतं त्या माणसाच्या पाठीवर बहिणीची पिशवी होती.

तिने पाकीट पुढे ओढलं. एकेक पान उचलून दाराच्या उजेडात धरायला लागली. इतक्या वर्षांनीही कडांनीच धरत होती. पानं ती दोन ढिगांत टाकत गेली. मी विचारलं, "काय करतंस?"

"ह्यां मोठ्या माणसाचां. सुरेची रेघ आसा. ह्यां पोराचां." तिने पान माझ्यापुढे केलं. कोपऱ्यात नखाची बारीक कोर होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मी ती खूण बघितली नव्हती. बघितली होती म्हणा, वीस वर्षं माझ्या हाताखालून जात होती, मी लक्ष दिलं नव्हतं. पोराचा ढीग मोठा होत गेला.

मग तिने फाटक्या पानांचा तिसरा ढीग केला. त्यातलं एक उचललं, दुसरं उचललं, दोन्ही एकावर एक ठेवली. फाट सारखीच होती. कोपऱ्यातून आत येऊन तिरकी गेलेली.

"ह्यां मुद्दाम फाडलेलां आसा," ती म्हणाली.

"कशावरून?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"चुकान फाटता तां खंयपण फाटता. ह्यां सगळां एकाच जाग्यार. अंगठो आत वळवल्यान हा." ती पान परत उजेडात धरून बघत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "ह्या पोराक शाळेत जावचां आसा."

बाहेरून एक ट्रक गेला. मी उगाच पेचकस हातात घेतला. मग म्हणालो, "बाये, तुका ठावक होतां?"

"तेव्हाच. तुझी सगळी त्याच कोपऱ्याक फाटत. आयेन दोनदा निरखून बघितल्यान असती तर तिका कळलां असतां. म्हणान त्यातली निमी मी उचलून तुसाच्या पोत्यात टाकी."

पंचावन्न पार केलेला माणूस मी, काउंटरमागे उभा, हातात पेचकस, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते थांबवलंही नाही. म्हणालो, "सांगूचां तरी आवशीक! तू माझ्यापेक्षा हुशार होतंस. तू जाऊक व्हयी होतंस."

"सांगितलंय असतां तर तिना तुका मारल्यान असतां आनि दोघांकय बसवल्यान असतां. एक तरी जांवदे, म्हटलंय." तिने पानांचे ढीग सरळ केले. "आनि माका वाटलां, तू सांजचो येतलंस आनि माका शिकवतलंस."

एवढंच म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी भांडलो असतो, भांडणात मी पक्का आहे. तिने ते असं सांगितलं, जसं एखादा सांगतो की गाडी येईल वाटलं होतं, आली नाही. मला ती संध्याकाळ आठवली, "जा गो" म्हणून झटकलेला तिचा हात आठवला. मी आईला फसवल्याची बोच पंचेचाळीस वर्षं बाळगली होती, आणि माझा खरा गुन्हा दुसराच होता.

तेवढ्यात एक मुलगी काच डकवून घ्यायला आली. बहिणीने पदराला हात पुसले, काच कडांनी धरली, फुंकर मारली, सोडली. मुलगी मोबाईल उलटसुलट करून बघत खूश होऊन गेली. मी पैसे घ्यायला विसरलो, ती द्यायला विसरली नाही.

एसटीला अजून अर्धा तास होता. मी बिलबुक उलटं केलं, मागच्या कोऱ्या पानावर मोठा ठसठशीत अ काढला आणि तिच्यापुढे सरकवला. पेनही ठेवलं. तिने अक्षराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसली.

"ह्यां माका येता रे," ती म्हणाली. "तिसरीत होतंय मी. फुडचां दाखव."